गांजाचें खळें : कापणीनंतरची क्रिया, सरकारी वजन आणि एक व्याख्या

१. प्रास्ताविक

खानदेशच्या शेतीचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यास कापूस, ज्वारी, बाजरी, तीळ इत्यादि पिकांविषयीं साधनांची वाण पडत नाहीं. भांगेच्या झाडाविषयीं मात्र जें लिहिलेलें मिळतें तें बहुधा दोनच अंगांनीं असतें : किती जमीन पिकाखालीं होती, आणि सरकारास त्यापासून काय उत्पन्न झालें. शेतांतून कापून आणलेलें ओलें झाड आणि मक्तेदाराच्या दुकानांतील सुका गांजा यांच्यामधील तीन-चार दिवसांत खळ्यावर काय घडे, इकडे अभ्यासकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. आमच्या मतें या विषयाची किल्ली नेमकी तेथें आहे. भांग, गांजा आणि चरस हीं तीन नांवें तीन वनस्पतींचीं नसून एकाच वनस्पतीवर कापणीच्या सुमारास व कापणीनंतर मनुष्याच्या हातानें होणाऱ्या तीन निरनिराळ्या क्रियांचीं आहेत. ही गोष्ट ध्यानांत न घेतल्यास जुने कागद चुकीचे वाचले जातात. आणि पुढें दाखविल्याप्रमाणें, आजच्या न्यायालयांतहि तिच्यावरून मनुष्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न उपस्थित होतो.

या लेखाचा उद्देश व्यसनाचें समर्थन करण्याचा नाहीं, किंवा त्याचा निषेध करण्याचाहि नाहीं. एका जुन्या कृषिकर्माचें स्वरूप समजून घेऊन त्याच्या आधारें कायद्याच्या शब्दांचा इतिहास लावावा, एवढाच हेतु आहे.

२. नांवांचा घोळ

प्रथम एक इशारा देणें अवश्य आहे. इंग्रजी अमदानींतील पीकपत्रकांत व गॅझेटियरांत ‘हेंप’ हा शब्द आला म्हणजे तेथें गांजाचें पीक होतें असें समजूं नये. हा शब्द ताग, अंबाडी आणि भांग या तिन्ही वनस्पतींस लावलेला आढळतो. तागास ‘सन हेंप’ आणि अंबाडीस ‘डेक्कन हेंप’ किंवा ‘बाँबे हेंप’ अशीं व्यापारी नांवें होतीं. वस्तुतः या तिघांचीं कुळें अगदीं वेगळीं. ताग हा शेंगा धरणाऱ्या वर्गांतला, अंबाडी भेंडी-कापसाच्या गोतांतली, आणि भांग स्वतंत्र कुळांतली. खानदेशांत पहिल्या दोहोंचा वापर घरोघर होता. अंबाडीची भाजी आणि अंबाडीचा दोर हे तर शेतकऱ्याच्या नित्याच्या ओळखीचे.

मग नोंद कोणत्या पिकाची हें ओळखावें कसें ? आम्हांस यावर एकच खात्रीची कसोटी दिसते, ती म्हणजे कापणीनंतरचें काम. ताग व अंबाडी कापल्यावर पाण्यांत कुजत घालतात आणि मग त्यांचा वाख सोलून काढतात. गांजाचें पीक पाण्याजवळ नेत नाहींत. तें खळ्यावर येतें. सबब ज्या कागदांत डोह, नाला, कुजविणें, वाख, दोर यांचा उल्लेख असेल तेथें गांजाचा संबंध नाहीं. आणि जेथें खळें, तुडवणी, शेर-मणांचें वजन व परवाना हे शब्द येतील तेथें तागाचा संबंध नाहीं. गोव्यास राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानें १५६३ सालीं छापलेल्या आपल्या संवादग्रंथांत ‘बांग’ या वस्तूवर एक प्रकरण लिहिलें आहे. त्यानेंहि युरोपांतील वाखाच्या झाडाहून हें झाड भिन्न मानतांना बियांचा आकार व सालीचा अभाव यांकडेच बोट दाखविलें, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. शास्त्रदृष्ट्या दोन्ही एकाच जातीचीं हें पुढें ठरलें. परंतु हातांत पडणारा माल निराळा हें त्याचें निरीक्षण बरोबर होतें.

३. खळ्यावरील काम

खानदेशचें स्थान या बाबतींत विशेष आहे. याच्या दक्षिणेस अहमदनगर जिल्हा (हल्लींचा अहिल्यानगर) हा मुंबई इलाख्यांतील गांजाच्या पिकाचा प्रमुख जिल्हा होता. आणि ईशान्येस तापीखोऱ्याला लागून असलेल्या निमाडांत खंडवा हें मध्यप्रांतांतील गांजाचें मुख्य ठिकाण होतें. १८७० सालीं मुंबई-जबलपूर लोहमार्ग पुरा झाला, तो भुसावळ-खंडव्यावरूनच जातो. तात्पर्य, गांजाच्या दोन नामांकित मुलुखांच्या मध्यें खानदेश वसलेला होता, आणि या दोन्ही मुलुखांचा माल एकाच पद्धतीचा, म्हणजे तुडवून चपटा केलेला असे.

या पद्धतीचें सर्वांत बारकाईचें वर्णन वंगदेशांतील राजशाही जिल्ह्यांतल्या नौगांवच्या पिकासंबंधीं मिळतें. वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांनीं तें १८९३ सालच्या आपल्या अहवालांत दिलें आहे. चपट्या गांजाची रीत पुढीलप्रमाणें होती.

कापणीपूर्वींच एक काम उरकलेलें असे : शेतांतील नर झाडें उपटून टाकणें. मादी झाडास पराग मिळाला नाहीं म्हणजे तें बीं न धरतां तुऱ्यावर तुरे काढीत राहतें व त्या तुऱ्यांवर राळ सांचते. वंगदेशांत हें काम करणारा जाणता मनुष्य वेगळा असे. येथें शब्दांचा आणखी एक फसवा प्रकार सांगून ठेवतों. शेतकऱ्यांच्या बोलींत नर व मादी हीं नांवें पुष्कळ वेळां शास्त्राच्या उलट असत. जें झाड भरदार व उपयोगी तें ‘नर’ आणि जें टाकाऊ तें ‘मादी’. साक्षींचे कागद वाचतांना हें ध्यानांत ठेवावें.

पिकलेलें झाड सकाळीं कापून मोकळ्या जागेवर पसरीत. दिवसभर ऊन आणि रात्रभर दंव, असे दोन्ही संस्कार त्यास मिळत. दंवाची गरज काय असा प्रश्न वाचकांस पडेल. नुसत्या उन्हानें पान कडक होऊन पायाखालीं त्याचा चुरा होतो; दंवानें तें पुन्हा मऊ पडतें आणि तुरा न फुटतां दाबला जातो. दुसऱ्या दिवशीं निवडणी होई. ज्या फांद्यांस तुरा नाहीं त्या बाजूस काढीत, जाड दांडे तोडीत, मोठीं पानें खुडीत, आणि तुरे असलेल्या डहाळ्या तेवढ्या ठेवीत. नंतर या डहाळ्या शेंडे आंत व देठ बाहेर अशा वर्तुळाकार रचून माणसें त्यांवर पायांनीं तुडवीत फिरत. एक थर दाबून झाला कीं त्यावर दुसरा. तुडविण्यानें तुऱ्यांतील राळ पानांस चिकटून सबंध तुरा चपट्या वडीसारखा होई, आणि न चिकटलेलीं पानें सुटून पडत.

तुडविलेला ढीग चटयांनीं झांकून, वर वजन ठेवून कांहीं वेळ दडपीत. मग तो उलगडून डहाळ्या झटकीत, म्हणजे सुटीं पानें व बिया गळून जात. पुन्हा ऊन देत, पुन्हा तुडवीत, पुन्हा दडपीत. असें दोन-तीनदां झाल्यावर माल तयार होई. नौगांवास याखेरीज ‘गोल’ गांजाहि करीत. त्यांत तुरा तुडविण्याऐवजीं पायाखालीं वळून लांबट गोल करीत आणि दांडे व पानें अधिक काळजीनें काढीत. दोहोंच्या खटाटोपांत जो तुटका भाग गळे तो ‘चूर’. त्यांत काड्या जवळजवळ नसल्यामुळें तो सर्वांत जोरकस समजला जाई.

खुडून काढलेलीं पानें वाळवून ठेवलीं कीं ती भांग. तुऱ्यावरील राळच तेवढी वेगळी काढली कीं ती चरस. अशा रीतीनें एका खळ्यावरून तीन वस्तु निघूं शकत, आणि त्यांची वाटणी करणारा तो पानें खुडणाऱ्याचा हात.

४. या कामाचें शास्त्र

जुन्या लोकांनीं अनुभवानें बसविलेल्या या रीतीचीं कारणें आज बऱ्याच अंशीं सांगतां येतात. राळ ही तुऱ्यावरील सूक्ष्म केसांच्या गोलसर टोंकांत असते. हे केस अतिशय नाजूक. कडक वाळलेल्या मालास धक्का लागला कीं ते झडतात. उलट ओलावा फार राहिला तर बुरशी येऊन सबंध माल फुकट जातो. म्हणून वाळवणी फार जलद नको आणि फार मंदहि नको.

दडपून ठेवण्याचा हेतु ओलाव्याची समान वांटणी करणें हा दिसतो. उन्हांत पानें लौकर सुकतात व दांड्याच्या गाभ्यांत पाणी राहतें; ढीग झांकून ठेवला म्हणजे तें पाणी हळूहळू बाहेर सरून सर्वत्र सारखें होतें. याच अवधींत पानांतील हिरवेपणा उतरतो व उग्र कच्चा वास कमी होतो. यालाच मुरणें म्हणतात. तंबाखू पिकविणाऱ्यांस ही गोष्ट नवी नाहीं. नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची वाळतांना ज्यांनीं पाहिली आहे त्यांसहि उलथापालथीची वेळ चुकली तर रंग व वजन दोन्ही कसे जातात हें ठाऊक आहे.

तुडविण्याचा आणखी एक फायदा संभवतो. चपटा दाबलेला तुरा हवेस कमी उघडा राहतो, आणि गांजाचा शत्रु हवा व उजेड हाच होय. झाडांतील मुख्य द्रव्य ताज्या स्थितींत आम्लरूपानें असतें आणि उष्णतेनें त्याचें मादक द्रव्यांत रूपांतर होतें. चिलमींतला निखारा हेंच काम करतो. परंतु माल जुना झाला, हवा-उजेड लागला, कीं तें मादक द्रव्य हळूहळू बदलून ‘कॅनाबिनॉल’ नांवाचें सौम्य द्रव्य तयार होतें. येथें रसायनशास्त्राच्या इतिहासांतील एक मौज सांगण्यासारखी आहे. केंब्रिज येथें वुड, स्पायव्ही व ईस्टरफील्ड या तिघांनीं १८९६ च्या सुमारास हिंदुस्थानी चरसापासून जें द्रव्य वेगळें केलें तें हेंच कॅनाबिनॉल. आणि बरीच वर्षें गांजाचा गुण त्यांतच आहे अशी समजूत होती. खरें मादक द्रव्य शुद्ध रूपांत १९६४ सालीं इस्राएलमध्यें गाओनी व मेशूलम यांनीं काढलें. म्हणजे बरीच वर्षें विद्वानांचें लक्ष ज्या द्रव्यावर होतें तें मुख्यतः माल शिळा झाल्याची खूण होती. जुना माल निकामी हें मात्र व्यापाऱ्यांस कोणत्याहि प्रयोगशाळेवांचून कळत होतें.

५. वजन आणि कर

आतां सरकारी हिशेबाकडे वळूं. मुंबई इलाख्यांत १८७८ च्या अबकारी कायद्यानें मादक पदार्थांचा व्यापार परवान्याखालीं आला आणि किरकोळ विक्रीचे मक्ते लिलावानें दिले जात. मक्त्याच्या पद्धतींत सरकारास मालाच्या वजनाशीं फारसें कर्तव्य नसतें. लिलावाची रक्कम हातीं आली कीं झालें.

२ मार्च १८९३ रोजीं विलायतेच्या पार्लमेंटांत केन या सभासदानें बंगालमधील गांजासंबंधीं प्रश्न विचारला आणि त्यांतून त्याच वर्षीं हिंदी गांजा-भांग चौकशी मंडळ नेमलें गेलें. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष होते. सात सभासदांत तीन हिंदी गृहस्थ होते, आणि मुंबई इलाख्यांतून पंचमहालचे कलेक्टर ओमनी यांस घेतलें होतें. मंडळानें ११९३ साक्षी नोंदल्या व १८९४ सालीं अहवाल दिला. बेतानें केलेल्या सेवनापासून सामान्यतः अपाय दिसत नाहीं, सबब सर्वस्वी बंदी अवश्य नाहीं व इष्टहि नाहीं; मात्र लागवड आटोक्यांत ठेवावी, माल सरकारी देखरेखीच्या कोठारांत जमा करावा आणि त्यावर वजनानें कर घ्यावा, असा त्याचा अभिप्राय पडला. मुंबई इलाख्यानेंहि याच धोरणावर यावें अशी त्याची शिफारस होती.

वजनावर कर म्हटला कीं खळें एकदम सरकारी विषय होतें. ओल्या झाडाच्या वजनांत तीन चतुर्थांशांहून अधिक भाग पाण्याचा असूं शकतो. तेव्हां वजन कोणत्या दिवशीं करावयाचें ? कापणीच्या, तुडवणीच्या कीं कोठारांत आणल्याच्या ? कोठारांत सुकून जी तूट येईल ती कोणाच्या माथीं ? काड्या किती राहिल्या तर चालतील ? वंगदेशांत चपटा, गोल व चूर या तीन प्रकारांवर कराचे तीन दर होते. चपट्यावर सर्वांत कमी आणि चुरावर सर्वांत जास्त. कारण उघड आहे : चपट्यांत काडीचा भार अधिक. पानें व काड्या किती काढल्या यावर कराचा दर ठरे, यावरून त्या काळचे अबकारी अधिकारी खळ्यावरचें काम किती जवळून ओळखत होते हें दिसून येईल.

६. व्याख्येचा प्रवास

हीच ओळख कायद्याच्या शब्दांतून पुढें कशी पुसट होत गेली तें पाहूं. कलकत्त्यास विल्यम ओशॉनेसी यांनीं १८३९ सालीं या औषधीवर जो प्रसिद्ध निबंध वाचला त्यांत त्यांनीं गांजाचें लक्षण सांगितलें तें असें : फुलावर आलेलें, वाळविलेलें व राळ काढून न घेतलेलें भांगेचें झाड. यांतील ‘वाळविलेलें’ आणि ‘राळ काढून न घेतलेलें’ हीं दोन्ही पदें बाजारांतून आलेलीं आहेत. मालावर कोणती क्रिया झाली व कोणती झाली नाहीं हें तीं सांगतात.

१९२५ सालच्या जिनीव्हा येथील अफू-करारांत हिंदी भांगेची व्याख्या झाली, ती मादी झाडाचे, वाळविलेले, फुललेले किंवा फळलेले, राळ न काढलेले शेंडे अशी. खळ्यावरील सर्व क्रिया या एका वाक्यांत आल्या आहेत. १९३० च्या हिंदुस्थानांतील घातक औषधि-कायद्यानें मात्र पानें, बारीक दांडे व शेंडे हीं सर्व एकत्र घेतलीं व भांग, सिद्धी, गांजा या नांवांचा त्यांत समावेश केला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय एकत्रित करारांत शेंड्यांची व्याख्या पुन्हा आली. शेंड्यांवांचून असलेलीं पानें व बिया वगळल्या गेल्या, परंतु ‘मादी’ आणि ‘वाळविलेले’ हे दोन शब्द गळाले. आपल्या देशाचा गुंगीकारक औषधि व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ यांसंबंधींचा कायदा १९८५ सालीं झाला, त्यानें १९६१ ची व्याख्या बहुतांशीं उचलली. पण ‘राळ न काढलेले’ हेंहि पद तींत राहिलें नाहीं. आतां गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे, मग ते कोणत्याहि नांवानें ओळखले जावोत. शेंड्यांबरोबर नसलेलीं पानें व बिया तेवढ्या बाहेर.

या बदलाचें फळ काय झालें ? पानें खुडण्याची क्रिया व्याख्येंत राहिली. वाळविण्याची क्रिया नाहींशी झाली. ऑक्टोबर २००१ मधील केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणें गांजाचें अल्प प्रमाण १ किलो आणि व्यापारी प्रमाण २० किलो आहे. व्यापारी प्रमाण ठरलें तर बाळगणाऱ्यास किमान दहा वर्षांची शिक्षा आहे आणि जामीन मिळणें अतिशय कठीण होतें. आतां उदाहरणार्थ शेंकडा ७५ भाग पाणी असलेला २० किलो ओला माल घेतला, तर शेंकडा १० ओलाव्यापर्यंत वाळल्यावर तो सुमारें साडेपांच किलो भरेल. आणि त्यांतून काड्या व मोठीं पानें काढलीं तर त्याहूनहि कमी. १८९४ चा अबकारी अधिकारी ज्या मालावर वीस किलोंचा कर घेण्यास धजला नसता, त्याचें वजन आज वीस किलो म्हणून नोंदतां येतें.

हा केवळ तर्क नव्हे. धुळें जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं वनजमिनींवरील गांजाचीं शेतें पोलिसांनीं नष्ट केल्याच्या बातम्या गेल्या कित्येक वर्षांत वारंवार आल्या आहेत. अशा वेळीं सांपडतो तो बहुधा उभा किंवा नुकताच कापलेला ओला माल. लागवडीचा गुन्हा वजनावर अवलंबून नाहीं, हें खरें. त्यास स्वतंत्र शिक्षा आहे. परंतु कापलेला माल बाळगल्याचा आरोप आला कीं तराजूचा प्रश्न उभा राहतो, आणि पानें, दांडे व बिया शेंड्यांपासून वेगळ्या करून वजन केलें होतें कीं नाहीं, हा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयापुढें जामिनाच्या अर्जांत एकाहून अधिक वेळां आलेला आहे. शेंड्यांवांचूनचीं पानें केंद्रीय कायद्याच्या गांजांतून सुटलीं तरी महाराष्ट्रांत १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि त्याच्या कक्षेंत मादक पदार्थहि येतात, हेंहि विसरतां कामा नये. भांगेचें पान येथें सर्वस्वी मोकळें आहे, अशी समजूत कोणी करून घेऊं नये.

७. तात्पर्य

वरील विवेचनावरून आमचीं अनुमानें अशीं : (१) खानदेशांतील जुन्या कागदांत ‘हेंप’ आढळल्यास तें पीक कापणीनंतर पाण्यांत गेलें कीं खळ्यावर, हें पाहिल्यावांचून तें गांजाचें धरूं नये. (२) गांजा हें क्रियेनें सिद्ध होणाऱ्या मालाचें नांव आहे. त्याच्या वजनाचा आंकडा देतांना ओला कीं सुका, चपटा कीं चूर, हें सांगितलें नसेल तर दोन वर्षांचे किंवा दोन जिल्ह्यांचे आंकडे शेजारीं मांडणें व्यर्थ आहे. (३) १८३९ पासून १९२५ पर्यंतच्या व्याख्या खळ्याकडे पाहून केलेल्या होत्या. १९६१ व १९८५ च्या व्याख्यांत खळ्याचा संबंध तुटत गेला, आणि जो शब्द गळाला त्याचें वजन शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या पारड्यांत पडलें.

कायदा कडक असावा कीं सौम्य, हें ठरविणें विधिमंडळाचें काम आहे. परंतु जी वस्तु मोजावयाची तिचें नांव व तिची अवस्था कायद्यानें स्पष्ट सांगावी, एवढी अपेक्षा इतिहासाच्या अभ्यासकानें करणें गैर होणार नाहीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं जळगांव, धुळें किंवा नंदुरबारकडील कुळकर्णी-पाटलांचीं दप्तरें असतील त्यांनीं अबकारी मक्त्याचे कागद, परवाने किंवा वजनाच्या चिठ्ठ्या आढळल्यास त्या जपून ठेवाव्या व त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. तीन-चार दिवसांच्या या कामाची स्मृति बाळगणारीं माणसें आतां उरलेलीं नाहींत; कागदांत ती कोठें कोठें शिल्लक असेल.